सहा ओळी

गेल्या रविवारचं पान मी लिहिलं नव्हतं.

सावळजला, सोसायटीच्या व्हरांड्यात, खत-पावत्यांच्या खिळ्याशेजारी
माझा एक खिळा आहे.
बारा वर्षं दर रविवारी त्याला एक पान:
बागेत काय दिसलं, काय फवारलं,
काय फवारून उपयोग झाला नाही.

गेल्या आठवड्यात पाय मुरगळला.
पुतण्या तेजपाल म्हणाला, काकू, पडून राहा,
आणि मोबाईलमध्ये दोन वाक्यं बोलला.
चहा गाळेपर्यंत पान तयार.
एक अनुस्वार चुकलेला नाही.
पहिलंच वाक्य होतं,
"आज पहाटे बागेतून फेरी मारताना
दवाने भिजलेल्या वेलींनी मन प्रसन्न केले."

पहाटे मी कॉटवर होते,
घोट्याला हळद आणि तुरटी.
तरी म्हटलं, लाव.

लोकांनी वाचलं. कुणी फोटो काढला.
नेमगोंडा अण्णा चष्मा कपाळावर सरकवून
दोनदा वाचून घरी आले,
पायाची चौकशी केली, पाणी प्याले,
उठता उठता म्हणाले,
"पान झ्याक हाय.
पर ह्यो मळा कुणाचा?"

त्या रात्री जुन्या पानांची पिशवी काढली.

सगळ्यात जास्त झेरॉक्स निघालेलं पान
माझ्या चुकीचं आहे.
जीएची मात्रा, दहाच्या जागी चाळीस पीपीएम.
देठ काडीसारखे कडक, मणी गळालेले,
चार ओळींचे घड कात्रीने उतरवले,
सासूबाई बांधावर बसून नुसत्या बघत होत्या.
ते लिहिताना हात जड झाला होता.
आकडा लिहिला, खोडला, परत लिहिला.
खोडलेलाही दिसतोय अजून.

दुसरं एक पान आहे, डावणीच्या औषधाचं,
ज्याचा काही उपयोग झाला नव्हता.
नाव लिहिलं होतं कंपनीचं.
तासगावच्या त्या दुकानदाराने वर्षभर
माझ्याकडे बघून नमस्कार केला नाही.
त्या वर्षी पानाचे वाचक वाढले.
दुकानात उधारी मात्र बंद.

यंत्राला काय, त्याला कुणाकडून उधारी घ्यायची नाही.
त्याचा कुणाशी अबोला नाही.
ज्यांच्या विरळणीच्या बाया ऐन वेळी
शेजारच्या बागेत गेल्या,
त्यांचा राग त्याला येत नाही.
म्हणून ते इतकं गोड लिहितं,
बेदाण्यावर जास्तीचा गंधक दिल्यासारखं.
रंग बघून सौद्यात बोली चढते,
जिभेवर ठेवलं की कळतं.

तेजपालला मी रागावले नाही.
त्याने माझं दुखणं वाचवलं, एवढंच त्याचं चुकलं.
उलट काल त्यालाच म्हटलं,
मी लिहिलेलं त्याला वाच, शुद्धलेखन बघू दे.
त्याने दोन वेलांट्या सुधारल्या, बरं झालं.
"बाग फसली" चं "उत्पादनात घट आली" केलं.
ते मी परत फसवलं.

आजचं पान, निळ्या पेनाने, पाठकोरं:

*मागच्या रविवारचं पान माझं नव्हतं.
त्यातली पहाट कुणीच पाहिलेली नाही.
त्यावर विसंबून कुणी फवारणी केली असेल
तर मला येऊन भेटा, शिव्या द्या, चहा घ्या.
आजच्या पानातल्या दोन वेलांट्या यंत्राच्या,
बाकी चुका माझ्या.

छाटणीपासून बेचाळिसावा दिवस.
पाऊस चार मिलिमीटर, डब्यात मोजलेला,
डबा थोडा कलता आहे.
विहिरीकडच्या पानांवर मागून तेलकट डाग, सात पानं.
डावणी वाटते. खात्री नाही.

दक्षिणेच्या सहा ओळी पाहिल्या नाहीत.
पाय अजून टेकत नाही.*